काशिरामदादांचा इंग्रजी पेपर

प्रणितने गाईड कोर्सच्या परीक्षेचे दोन अर्ज एकाच बैठकीत भरले. एक स्वतःचा, दुसरा वर्गातल्या काशिरामदादांचा. स्वतःसाठी त्याने माध्यम इंग्रजी निवडलं, कारण तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेल्या माणसाला कॉलेजात थोडा रुबाब लागतो. त्याच तंद्रीत दादांच्या अर्जावरही इंग्रजीच पडलं. हॉलतिकीट हातात आलं तेव्हा दुरुस्तीची मुदत संपून चार दिवस झाले होते.

काशिरामदादा म्हणजे वय त्रेचाळीस, शिक्षण नववी, मुक्काम प्रबळगडाच्या पायथ्याला. वीस वर्षं त्यांनी शहरातली माणसं गडावर नेली आणि धडधाकट खाली आणली. यंदा मात्र ट्रेक काढणाऱ्यांनी कळवलं, पावसाळ्यापासून प्रमाणपत्र असेल त्यालाच काम. म्हणून पनवेलच्या दोन मजली कॅम्पसमधल्या सहा महिन्यांच्या गाईड कोर्सला दादा पहिल्या बाकावर बसू लागले. वर्गात एकूण सतरा डोकी. मॅडमनी दोराची गाठ शिकवली तेव्हा दादांनी ती मन लावून पाहिली आणि गुणी विद्यार्थ्यासारखी बांधून दाखवली. ही गाठ आपण वीस वर्षं मारतोय, हे त्यांनी फक्त प्रणितच्या कानात सांगितलं.

प्रणितने चूक कबूल केली आणि गाल पुढे करून उभा राहिला. दादा हॉलतिकीट उलटसुलट बघत होते.

"नापास झालो त घरी बसाचा," ते म्हणाले. "बारा दिस हायत. शिकव."

मग कॅन्टीनमध्ये शाळा भरली. मास्तरांचंच इंग्रजी उसवलेलं, त्यामुळे गुरुशिष्य दोघेही मोबाईलमध्ये शब्द शोधत बसायचे. घाबरलेल्या ट्रेकरचं काय कराल, यावर प्रणितने आठ ओळींचं झकास उत्तर लिहून दिलं. दादांनी अर्थ विचारला आणि वही मिटली. त्यांचं म्हणणं, या आठ ओळी होईपर्यंत तो बिचारा उभाच आहे. आधी त्याला बसवायचा, तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे. मग गाव विचारायचं, पोरंबाळं विचारायची. बोलायला लागला की पाय थरथरायचे थांबतात.

"येवढाच इंग्रजीत सांग, बाला. बाकीचा पाठ नाय होत."

पेपरात दादांनी तेवढंच लिहिलं: मेक हिम सिट, फेस टू हिल, आस्क व्हिलेज. शब्द संपले तिथे पेन्सिलीने वाटेचं चित्र काढलं. पास व्हायला चाळीस लागत होते, दादांना एकेचाळीस पडले. त्रेचाळीस प्रणितला, आणि तो शिकवणारा.

प्रमाणपत्र आलं तेही इंग्रजीतच. दादांनी घरी सोनाबाईंना सांगितलं की मी पास झालो, पण नवऱ्याने सांगितलं म्हणजे ते खरं, असं मानणाऱ्यातल्या त्या नव्हेत. मास्तराने घरी येऊन कागद मराठीत वाचून दाखवावा, असा त्यांचा निरोप आला. प्रणितने फोनवर छाती काढून सांगितलं, येत्या रविवारी येतो.

तेव्हापासून चार रविवार गेले. दादा आता दर रविवारी पहाटे ट्रेकर घेऊन वर चढतात. प्रणित कामोठ्यातल्या खोलीत साडेनऊला उठतो आणि पुढच्या रविवारी नक्की, असा मेसेज टाकतो.