सांजेचा पहारा

आमच्या आणे पठारावरच्या गावात चैत्रात सप्ताह बसतो. पहिल्या दिवशी वीणा गळ्यात पडली की काल्यापर्यंत ती भुईला टेकवायची नाही, हा नेम. एकाने उभे राहून नाम घ्यायचे. त्याचा पहारा संपला की दुसऱ्याने पुढे व्हायचे. देताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. वय, घराणे कोणी पाहत नाही.

सप्ताहाचे पुढारपण वडिलांकडे होते, तेव्हा दुपारचा पहारा ते स्वतः घेत. पंगती उठलेल्या, माणसे मांडवात आडवी झालेली, वर पत्रा तापलेला. ऐकायला कोणी नसे. त्यांचा आवाज बेताचा होता, म्हणून ते ही वेळ घेतात, असे मी कित्येक वर्षे समजत होतो.

त्यांच्यानंतर गावाने ते काम माझ्याकडे दिले. सांजेचा, कीर्तनाआधीचा पहारा तेव्हा एका मेंढपाळाकडे असे. सारे गाव त्यांना मामा म्हणे. दिवसभर मेंढरांमागे हिंडून, ती वाघरीच्या जाळीत कोंडून, हातपाय धुऊन ते देवळात येत. आवाज घोगरा, सुराला थोडा सोडून. त्या वेळी मांडव भरलेला असतो आणि कर्णा पार रस्त्यापर्यंत ऐकू जातो. सप्ताहाची शोभा राहावी म्हणून तो पहारा मी स्वतःकडे घेतला. निदान मी स्वतःला तसेच सांगितले.

मामांना म्हणालो, “तुम्हाला माझ्या वडिलांचा पहारा देतो. मानाचा आहे.”

“दुपारी मेंढरं पान्यावर असत्यात, भाऊ.”

“सप्ताहापुरते कोणाला तरी सांगा की.”

“बरं,” ते म्हणाले.

ते आले नाहीत. भांडलेही नाहीत. ते भांडले असते, तर मी कदाचित शुद्धीवर आलो असतो. हळूहळू इतरही गळू लागले. जेवायला येत, कीर्तनाला येत. उभे राहायची वेळ आली की कोणाचे लग्न निघे, कोणाची कांदाकाढणी. मी लोकांची श्रद्धा उणी झाली म्हणत राहिलो.

अशाच एका वर्षी दुपारी पहाऱ्यावरचा माणूस पेठेला जायची घाई सांगून माझ्या गळ्यात वीणा घालून गेला. पुढचा आलाच नाही. खांदा भरून आला, घसा कोरडा पडला. आचारीसुद्धा झोपलेले. वीणा खाली ठेवता येईना आणि हाक मारायला नाम थांबवता येईना. इतक्यात बाहेरच्या हौदावर मेंढरांचा गलका झाला. मामांनी दारातून डोकावले.

“कोनी न्हाई व्हय?”

मी मान हलवली. दोन नामांच्या मधे हळूच म्हणालो, “मामा, घटकाभर घेता?”

“घेतो की. पन मेंढरं कोन बगनार? तुमी?”

त्यांनी थट्टा केली होती. मी हो म्हणालो.

ते माझ्या पाया पडले, मी त्यांच्या. वीणा त्यांच्या गळ्यात गेली, काठी माझ्या हातात आली. पांढऱ्या धोतरात मी कळपाच्या पुढे चालू लागलो आणि मेंढरे सरळ शेजारच्या कांद्यात शिरली. कांदे काढणाऱ्या बायांना हसू आवरेना.

“अगं बया! पुढारी मेंढरं राखाया लागलं!”

“भाऊ, म्होरं काय पळताय? मागं ऱ्हावा, मागं!”

मी मागे झालो. मेंढरे बांधावर आली. तेवढ्यात कर्ण्यावरून मामांचा आवाज शेतात पोचला. तोच घोगरा, तसाच सुराला सोडून. एका बाईने खुरपे खाली ठेवले, हात जोडून कपाळाला लावले. “मामा उबं ऱ्हायलं वाटतं,” ती म्हणाली. माझा आवाज इतकी वर्षे त्याच शेतावरून जात होता. त्यावर कोणी खुरपे खाली ठेवले असेल, असे मला वाटत नाही.

परत आल्यावर एकच वाक्य बोलायचे होते: सांजेचा पहारा तुमचा. ते अगदी ओठांवर आले होते. पण वेशीवरच्या फलकावर सांजेला माझे नाव छापलेले होते आणि बाहेरगावची मंडळी येणार होती. मी म्हणालो, “उपकार झाले, मामा.” त्यांनी काठी घेतली आणि मेंढरांमागे गेले. संध्याकाळी भरल्या मांडवात मीच उभा राहिलो. नाम घेताना माझे लक्ष दाराकडे होते.

पुढे बिबट्या कळपाचा नाद सोडेना. मामांचे गुडघेही गेले. मेंढरे विकून ते पेठेला लेकीकडे राहायला गेले.

मी आता दुपारी उभा राहतो. सांजेला ज्याला वाटेल तो उभा राहतो. हे करायला मला फार उशीर झाला. यंदा सप्ताहाआधी मी पेठेला गेलो. मामा ओसरीवर बाजेवर बसले होते.

“मामा, सांजेचा पहारा तुमचा आहे. चला.”

ते म्हणाले, “आता कवाचाबी चालला असता, भाऊ. मेंढरंच न्हाईत.” मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “पन उबं ऱ्हावत न्हाई.”

लेकीने चहा आणला. कप हातात घेऊन त्यांनी विचारले, “दुपारी कोन असतं?”

“मी.”

“आन मेंढरं कोन बगतं?”

ते मनापासून हसले. मलाही हसायचे होते.

निघताना मी त्यांच्या पाया पडलो. जुन्या सवयीने तेही माझ्या पायाकडे वाकू लागले. वाकता येईना, तेव्हा हात तेवढा खाली आला आणि मध्येच थांबला.