बोटं सांभाळ

कारखान्यात तिला सगळे नकारघंटा म्हणत, आणि हल्ली तर तोंडावरच म्हणत. बागेत, गच्चीत ठेवायच्या खुर्च्या बनवणारा कारखाना. नवा माल बाहेर पडण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. ती खुर्च्यांवर वाळूची पोती आदळायची, पाय ओढून बघायची, उन्हात तापवून पाण्यात भिजवायची आणि शेवटी बहुतेक वेळा मान नकारार्थी हलवायची. असं माणूस कुणाला आवडणार?

या वेळी अडली होती घडीची खुर्ची, कारखान्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त खपणारी. नवा नियम साधा होता: घडी करताना दांड्यांमध्ये बोट सापडता कामा नये. तिने बोटाएवढी लाकडी काडी फटीत धरली आणि खुर्ची मिटली. काडीचे दोन तुकडे झाले.

"अहो बाई, वर्षानुवर्षं विकतोय आपण ही," मालक वैतागून म्हणाले. "एक स्टिकर लावू. 'बोटं सांभाळा.' संपला विषय!"

"स्टिकरने फट बुजत नाही, साहेब."

"तुमच्याच वडिलांची खुर्ची आहे. विसरलात का? उद्या सकाळी सही पाहिजे मला."

विसरेल कशाला? तेच तर दुखणं होतं. बाबा या कारखान्याचे पहिले वेल्डर, आणि ही खुर्ची त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेली. पहिली खुर्ची तयार झाली तेव्हा मालक बक्षीस म्हणून घड्याळ देत होते, ते नाकारून बाबांनी ती खुर्चीच मागून घरी आणली होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा गच्चीत त्याच खुर्चीत बसले होते. मालकांचा फोन अर्थातच तिच्याआधी पोचला होता.

"बापाची खुर्ची नापास करणार म्हणे! तू हिच्यावरच खेळत वाढलीस. कुणाचं बोट गेलं? दाखव की!"

"बाबा, काडी तुटली."

"काड्या कसल्या मोडत बसतेस? माणसं बसतात तिच्यावर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकाला माल विकायचाय, त्याचं एक समजू शकतं. पण ज्यांनी तिला डोळ्यांवर काच धरल्याशिवाय वेल्डिंगकडे बघूही दिलं नाही, त्या बाबांनी असं बोलावं? ती तणतणत दोरीवरचे कपडे ओढू लागली.

आतून आईने जेवायला हाक मारली. बाबा उठले. तिची लेक नेहमीप्रमाणे आजोबांची खुर्ची मिटायला धावली.

"बोटं सांभाळ गं!" बाबा ओरडले.

पोरीने न बघताच हात फटीपासून दूर, मागच्या दांडीवर नेला. ती स्वतःही लहानपणी तसंच शिकली होती. या घरात ही खुर्ची त्या ओरडण्याशिवाय कधी मिटलीच नव्हती.

कपडे हातात घेऊन ती बाबांकडे बघत राहिली. बाबांनी नजर चुकवली.

जेवून पानावरून उठता उठता बाबा म्हणाले, "दुसऱ्यांच्या घरी कोण ओरडणार आहे. नापास कर."

मग ते गच्चीत गेले. तिने प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली, तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कठड्याला टेकून, पाठ फिरवून उभेच राहिले. आपलं बरोबर ठरल्यावरही इतकं वाईट का वाटावं, याचाच तिला भयंकर राग आला.