संत्र्याच्या सालीचा वास

संत्रं सोललं की मला अकोल्यातली ती खानावळ आठवते. लग्नाला वर्ष होत आलं होतं. आमचं घर माळकरी, आईच्याही गळ्यात तुळशीची माळ. बायकोच्या माहेरी मात्र दर रविवारी कोंबडी शिजायची. म्हणून दवाखान्याचं खोटं निमित्त सांगून मी तिला अमरावतीहून अकोल्याला नेलं. पडद्याआडच्या बाकावर बसून तिनं पावात घातलेली तिखट तळलेली कोंबडी आधी लसणाच्या लाल चटणीत बुडवली, मग हिरवीत. नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी ती हसत होती. "पडद्याकडे काय पाहून राहिले तुमी? खा ना," म्हणाली. कोणी ओळखीचं येईल या धास्तीनं मी घास हातात धरूनच बसलो होतो. परतताना एसटीत आम्ही हातांवर संत्र्याच्या साली चोळल्या. घरी पोचलो तर दारातच आईनं तिचा हात धरून हुंगला. "संत्र्यानं हा वास जात नाई, पोरी," आई हळूच म्हणाली, "तुहे सासरे यायच्या आंधी राखेनं हात धू." तिला हे कसं ठाऊक, ते सुटल्याच्या आनंदात मी विचारलंच नाही. आता आई नाही, आणि तिला काय खावंसं वाटायचं, हे मला माहीत नाही.