उजव्या बाजूचा दाणा

फोन आला तेव्हा मी आलापल्लीच्या पुढं, माझ्या बीटवर, सागाच्या झाडांवरचे नंबर तपासत होते. वनरक्षकाच्या नोकरीत फोन लागायची जागा ठरलेली असते, आणि नेमकी त्याच जागी मी पाणी प्यायला थांबले होते. पलीकडून देवाजीभाऊंच्या बायको बोलत होत्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "पोरी, भाऊ गेले वो," आणि फोन ठेवून दिला. मला रडू नाही आलं. संताप आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे! काही आठवडे उलटले तरी माझा राग खाली बसलेला नाही, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

देवाजीभाऊ पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर वडशाला आले आणि तिथल्या रायफल क्लबात रुजू झाले. क्लब म्हणजे काय, तर एका बंद पडलेल्या राईस मिलच्या मागची मोकळी जागा, मातीचा बंधारा आणि पत्र्याची एक खोली. त्या खोलीत एकच रायफल अशी होती जिला खरोखर रायफल म्हणावं... पॉइंट टू टूची, बोल्ट ओढून एकेक गोळी भरायची, लाकडी कुंद्याची, म्हणजे दस्त्यापासून नळीखालपर्यंत एकच लाकूड. मी कुरखेड्याकडची, तलावात जाळं टाकणाऱ्या घरातली. वडशाला कॉलेजात शिकायला आले आणि मैत्रिणीच्या नादानं एक दिवस तिथं गेले. भाऊंनी माझ्या हातात ती रायफल दिली, पाच गोळ्या मारायला लावल्या. एकही मध्यात लागली नाही, सगळ्या एका कोपऱ्यात. मी ओशाळले. भाऊ मात्र खूश! म्हणाले, "मधात नाई लागली त नाई लागली. एका जागी लागली ना? एका जागी लागली म्हणजे पोरगी खरी अन् रायफलबी खरी. मधात आणाले का लागते, साइटचे दोन कान पिळले का झालं." तेव्हापासून मी त्यांची झाले.

भाऊंची शिकवायची पद्धत म्हणजे डोकं उठवणारी. रायफल नीट मारत नसेल तर माणूस घाबरून चार गोष्टी एकदम बदलतो, नेम धरायची साइट हलवतो, गोळ्या बदलतो, श्वास बदलतो. भाऊ एका वेळी एकच गोष्ट बदलू द्यायचे. आधी साइट ढिली आहे का पाहा. मग कुंद्याचे दोन स्क्रू, तेही नेहमीइतकेच आवळायचे, हौसेनं जास्त नाही. मग एकाच डब्यातल्या गोळ्या. मग नळीच्या तोंडावर कापूस फिरवायचा, कुठं धागा अडकला तर तिथं कंगोरा आहे. आणि शेवटी तेंदूचं पान. विडी त्यांनी कधीच सोडली होती, पण पानं ठेवायचे. नळी कुंद्यातल्या खोबणीत अधांतरी असते, पुढं कुठं टेकली की नेम गेलाच. म्हणून जरा दमट केलेल्या पानाची पट्टी कापून ते नळीखालून पार मागंपर्यंत सरकवायचे. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यामुळे पावसाळा संपला की ही पान-तपासणी व्हायचीच. त्या वर्षीही झाली. पान विनासायास मागंपर्यंत गेलं आणि भाऊंनी वहीत तसं लिहिलं.

त्यानंतर दसरा आला. क्लबात शस्त्रपूजन दर वर्षी व्हायचं, पण नवीन सचिवांना ते थाटात करायचं होतं. पाहुणे, फोटोवाला, टेबलावर पांढरी चादर, आणि त्यावर ती रायफल उजवी बाजू वर करून ठेवलेली, का तर म्हणे फोटोत बोल्ट चांगला दिसतो. भाऊ म्हणाले, "साहेब, कुंकू लावा, फूल वाहा. अक्षता नका टाकू, आत जातात." सचिव हसले. म्हणाले, "देवाजी, दोन दाण्यांनी तुमची तोफ बंद पडते का?" सगळे हसले, मीसुद्धा हसले. मग सचिवांनी मूठभर अक्षता टाकल्या, पाहुण्यांनी टाकल्या. संध्याकाळी भाऊंनी रायफल पुसली, नळी साफ केली, बोल्ट साफ केला. खोबणीत पान सरकवलं नाही. कारण ते तर झालेलं होतं, वहीत लिहिलेलं होतं!

आठवडाभरात माझ्या गोळ्या फाकू लागल्या. एक इथं, दुसरी तिथं, काही मेळच नाही. राज्य स्पर्धेसाठीची चाचणी तोंडावर आलेली आणि मी जमिनीवर पालथी पडून, डाव्या दंडाला रायफलचा पट्टा आवळून, हमसून हमसून रडायची बाकी होते. भाऊंनी साइट पाहिली, स्क्रू पाहिले, गोळ्या बदलल्या, कापूस फिरवला. मग टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून, त्यावर रायफल टेकवून त्यांनी स्वतः मारली. पाचही गोळ्या एका जागी! परत मी पालथी पडले, परत फाकल्या. चाचणीच्या दिवशी तर वाटोळंच झालं. संपल्यावर सचिवांनी सगळ्यांच्या समोर भाऊंना विचारलं, "रायफल ठीक आहे की नाही?" भाऊ खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "टेबलावर तरी ठीक हाय." बस, तेवढंच हवं होतं. सचिवांनी रजिस्टर ओढलं आणि माझ्या नावापुढं लिहिलं, 'रायफल निर्दोष. दोष शूटरचा.' मी ती ओळ उलटी, टेबलाच्या पलीकडून वाचली. भाऊंकडे न पाहता बाहेर पडले आणि बस धरून घरी गेले.

तीन दिवसांनी भाऊंचा फोन. "पोरी, दाणा सापडला. अक्षतेचा. ये, एकदा मारून पाह्य." मला वाटलं, म्हातारा समजूत काढून राहिला. लहान पोराला पडल्यावर आपण जमिनीला चापट मारतो ना, तसं. मी म्हणाले, "आता कायले भाऊ? निवडीची यादी तर गेली," आणि फोन ठेवला. मग वनरक्षकाची भरती निघाली, मी लागले, जंगलात आले. दर दसऱ्याला भाऊंचा फोन यायचा. आठ वर्षं, आठ फोन. "येतं का? एकदा मारून पाह्य." मी दर वेळी साहेब आहेत, ड्युटी आहे, नंतर पाहू, असं काही तरी सांगायची. खरं सांगू? मी त्या ओळीवर विश्वास ठेवला होता. माझ्यातच खोट आहे, हे मी मनात धरून आठ वर्षं हिंडले. कुठंही काही चुकलं की ती ओळ आठवायची.

बाईंच्या फोननंतर मी भाऊंच्या घरी गेले, तेव्हा बाई चुलीपाशी बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, एक जुना तंबाखूचा डबा आणून हातात दिला. आत कागदाच्या पुडीत तांदळाचा अर्धा तुकडा, हळद अजून लागलेली, आणि तेंदूच्या पानाची वाळून कडक झालेली पट्टी. मी म्हटलं, "बाई, म्हणजे खरंच सापडला होता?" बाई माझ्यावर खेकसल्या, "मंग का खोटं बोलत होते? तुह्यासारखे जमिनीवर निजले होते ते, पट्टा बांधून. साठी उलटलेला माणूस! त्याहिच्याबी गोळ्या फाकल्या, तवा समजलं. उठता येत नव्हतं, चौकीदारानं उचलून आणलं. कंबर गेली ते तवापासून."

मग मला उलगडलं. टेबलावर मारताना पट्टा नसतो. पालथं पडून पट्टा ताणला की लाकूड डावीकडे केसभर लवतं, आणि उजव्या बाजूला खोबणीत चिकटलेला दाणा नळीला टेकतो. जेवढा ताण, तेवढा धक्का, दर वेळी निराळा. एवढीशी गोष्ट! सगळ्यांनी रायफल टेबलावर तपासली, आणि मी जशी पडत होते तसं पडून पाहायचं कोणाला सुचलं नाही. सुचलं ते त्या साठी उलटलेल्या माणसाला, आणि तेही तीन दिवस उशिरा. वहीत त्यांनी लिहिलंय, बाईंनी दाखवलं, 'पान सरकवलो नाही. चूक माझी. पोरीचा दोष नाही. रजिस्टर दुरुस्त करणे.' त्याच्या खाली दर वर्षीची एकेक ओळ, 'सचिवांना भेटलो. रजिस्टर दुरुस्त नाही.' बाईंनीच सांगितलं, पहिल्याच वेळी सचिव म्हणाले होते, पूजेत दोष काढता काय? दुसऱ्या महिन्यात खोलीची किल्लीही काढून घेतली. हे सगळं भाऊंनी मला फोनवर सांगायला काय झालं होतं? "मी निजून पाह्यलो, माझ्याही फाकल्या," एवढंच बोलले असते, तर मी मिळेल ती बस धरून आले असते. पण नाही! माणसाला आपल्या कंबरेचं सांगायची लाज.

त्याच दुपारी क्लबात शोकसभा होती. सचिवांनी फोटोला हार घातला, भाऊंचं नाव क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजला द्यायचं म्हणाले. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या, काय बोलायचं! मी उठले आणि म्हणाले, "नाव राहू द्या साहेब. रजिस्टर काढा." ते म्हणाले, "कोणतं रजिस्टर?" मी म्हणाले, "आधी रायफल काढा, मग सांगते." आवाज चढला असेल माझा. असू दे. कोणी अडवलं नाही, बाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या.

तीच रायफल. भाऊंच्या घरून आणलेल्या एका पानाची पट्टी कापली, पाण्याचा हात लावला, नळीखालून सरकवली. सरळ मागंपर्यंत गेली, उजव्या बाजूनंही. पालथी पडले, पट्टा आवळला. आठ वर्षांत अशी रायफल धरली नव्हती, खांदा दुखत होता, डोळ्यांत पाणी येत होतं ते रागानं पुसत होते. पाच गोळ्या मारल्या. चौकीदारानं कागद आणून दिला. मध्यात एकही नाही. पार खाली, डावीकडे... पाचही एका जागी. एका बोरानं झाकून टाकाव्या, एवढ्यात.

साइट फिरवून सहावी मध्यात आणता आली असती, सचिव बघत होते, मनात आलंही. नाही फिरवली. कागद घेऊन आत गेले, कपाटातून रजिस्टर काढायला लावलं, ते पान उघडलं आणि त्या ओळीवर कागद चारी बाजूंनी चिकटवला. सचिव म्हणाले, "हे नियमात बसत नाही." मी म्हणाले, "फाडून दाखवा." बाईंनी पुडी उघडली आणि तो दाणा सचिवांच्या टेबलावर, त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवला.

डब्यातली भाऊंची पानाची पट्टी तेवढी मी ठेवून घेतली, माझ्या गस्तीच्या वहीत आहे. भाऊ, आले होते मी. मारून पाह्यली. आता दसऱ्याला फोन येणार नाही, आणि मला अजून तुमचा राग आहे.