राखेने घासलेल्या प्लेटा

पारोळ्याच्या झुलाल मिस्त्रीला लोक खडूस म्हणत. होताच तो खडूस. पण तेवढंच म्हणून सोडून द्यावा असा माणूस नव्हता, म्हणून लिहिते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. गावातल्याच सुकदेवच्या जुन्या राजदूत मोटारसायकलचा क्लच गेला. इंजिन नुसतं ओरडे, गाडी पुढे सरकेना. आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत त्याच्या बायकोला, ताईबाईला, धुळ्यात नर्सिंगच्या शाळेत हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. एसटीचा संप चाललेला.

झुलालने क्लचच्या नव्या प्लेटा सुकदेवच्या हातात दिल्या. घरी रात्रभर तेलात बुडवून ठेव, सकाळी सातला आण, म्हणाला. दुकानाशेजारी जिनिंग; उघड्या तेलात कापूस उडून पडे. त्यामुळे त्याच्याकडच्या प्लेटा गिऱ्हाइकाच्या घरीच मुरत. कोरड्या बसवल्या की जळतात.

सुकदेवने त्या परातीत बुडवल्या. पहाटे आई, भागाबाई, भाकरीला उठली. परातीत तेलकट चकत्या! तिने त्या धुतल्या, चुलीपाशी वाळवल्या, स्वच्छ फडक्यात बांधून लेकाच्या हाती दिल्या. त्यानेही गाठोडं सोडून पाहिलं नाही. सुनेला निरोप द्यायला ती दुकानापर्यंत आली.

झुलालने फडकं सोडलं. "हाई काय करं रे?"

"राख लाईसन धुयात," भागाबाई कौतुकाने म्हणाली. "बठ्ठं तेल गयं, देख!"

"मंग गाडीले बी आंघोय घालनी व्हती ना, आक्का!"

आपल्या चुकीने सुनेचं नुकसान होणार हे कळल्यावर म्हातारीचा चेहरा उतरला. "मनामुये हिनी शाळा जाई का रे, भाऊ?"

ताईबाई पिशवी धरून उभी होती. सुकदेव म्हणाला, कोरड्याच टाक. झुलालने त्याला झापलं. धुळ्याच्या वाटेवरचं फागणं यायच्या आत जळून जातील.

मग तो उठला. लिंबाखाली त्याची स्वतःची राजदूत उभी होती. तिला जावयालाही हात लावू देत नसे. तिचाच क्लच उघडला, आतल्या तेल प्यालेल्या प्लेटा काढून सुकदेवच्या गाडीत बसवल्या.

ताईबाई पावणेअकराला हजर झाली. झुलालला त्याच दिवशी दोन कोसांवरच्या मळ्यात इंजिन उघडायला जायचं होतं. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून तो पायी गेला, भागाबाईच्या नावाने बोटं मोडत.