फोटोपुरतं काढायचं कार्ड

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीने जूनमध्ये ठराव केला: आफ्रिकन भाडेकरूंनी आवारात वावरताना गळ्यात ओळखपत्र घालावे. पिवळं, लॅमिनेट केलेलं. असा भाडेकरू मोजून एक. माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, केनियाहून फार्मसी शिकायला आलेली मुलगी. तो फ्लॅटही माझाच. ठराव झाला त्या सभेत मी हजर होतो आणि चहा पीत होतो. विरोध करायला हवा होता, हे बिस्किटं संपल्यावर सुचलं.

कार्ड द्यायला मीच गेलो. ती दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "सर, असं माझ्या पणजोबांकडे होतं."

इंग्रजांच्या अमलात तिथल्या आफ्रिकन पुरुषाला कागद बाळगावा लागे. त्यावर बोटांचे ठसे आणि कुठल्या गोऱ्याच्या मळ्यावर राबतो त्याची नोंद. कागद पत्र्याच्या डबीत, डबी गळ्यात. तिचे पणजोबा ज्या मळ्यावर राबत, ती जमीन त्यांच्या वडिलांची होती. पुढे लढा पेटला. जंगलातल्या लढवय्यांना जेवण पोचवतात, या संशयावरून त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं. देश स्वतंत्र झाला तेव्हा घरात पडून असलेली ती डबी त्यांनी दगडाने ठेचून सपाट केली. पणजी त्या पत्र्याने चुलीतले निखारे ओढायची.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पुस्तकात केनियाला अर्धं वाक्य होतं.

सेक्रेटरींना हे सगळं सांगितलं.

"अहो सर, ते इंग्रज होते. आपली ही सोय आहे."

"कोणाची?"

"सगळ्यांची. तिचीसुद्धा."

पंधरा ऑगस्टला एक माननीय पाहुणे आले. त्यांची ओळख करून देणं इतकं लांबलं, की आपण स्वतंत्र झालो ते त्यांच्यामुळेच, अशी त्यांची स्वतःचीही खात्री पटली असावी. मग शाल, नारळ, भाषण. भाषणात 'विश्वबंधुत्व' हा शब्द आल्यावर सेक्रेटरींना आपल्याकडे एक विश्व राहतं याची आठवण झाली. तिला मागून बोलावून पाहुण्यांशेजारी उभं केलं. फोटोवाला सरसावला तसे सेक्रेटरी धावले.

"बेटा, फोटोपुरतं ते कार्ड काढ."

"रूल है ना, अंकल?"

"अगं, आज स्वातंत्र्यदिन आहे!"

"मालूम है."

तिने कार्ड सरळ केलं, नाव-फोटोची बाजू पुढे घेतली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. पाहुण्यांनी ते वाकून वाचलं. मग नारळ दुसऱ्या हातात घेतला.

समारंभ संपल्यावर तिने कार्ड वॉचमनच्या टेबलावर ठेवलं ते ठेवलंच. तेव्हापासून ती तशीच ये-जा करते. वॉचमन दार उघडतो. त्याला तिचा चेहरा तीन वर्षांपासून ओळखीचा आहे.

ऑफिसात आता तो फोटो फ्रेम करून लावलाय. पाहुणे, शाल, नारळ. डाव्या कडेला एक काळं कोपर. तेवढं कापायचं राहून गेलं.

आज मला नोटीस आली: नियमभंगाबद्दल भाडेकरूस महिनाअखेर घर रिकामे करण्यास सांगावे. मी उत्तर लिहून दिलं आहे. ती इथेच राहील. ठराव रद्द करण्याचा विषय पुढच्या सभेत पहिला घ्यावा. मी येतोय. माझा चहा सांगू नये.