अभिरामच्या खिडकीतला एसी

अभिराम मोहिते उन्हाळ्यात दुपारी जवळजवळ आंधळा व्हायचा आणि सांजेला हवा उतरली की त्याला पुन्हा दिसायला लागायचं. ग्वाल्हेरमध्ये हे कुणाला सांगून पटत नसे. गर्मी तर सगळ्यांनाच होते, लोक म्हणायचे.

आजार मज्जातंतूंचा, मल्टिपल स्क्लेरोसिस. अंग थोडं तापलं तरी डोळ्यांपुढे धुकं यायचं, पाय लाकडाचे व्हायचे. एके काळी हाच माणूस हॉकीच्या मैदानावर उजव्या कडेनं असा सुटायचा की प्रेक्षक बाकावर उभे राहायचे. खेळाच्या जोरावर त्याला शाळेत पीटीची नोकरी लागली, आजारात ती गेली. लग्न ठरलं होतं, तेही मोडलं. चाळिशीला पोचेपर्यंत त्याच्याजवळ एक काठी, नया बाजारातलं वरच्या मजल्यावरचं भाड्याचं बिऱ्हाड आणि थोरली बहीण शरयू एवढंच उरलं होतं.

आणि खिडकी. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घराची गॅलरी हाताच्या अंतरावर. तिथे शांताताई राहायच्या, एकट्या, सत्तरीच्या. सकाळी त्या भाजी निवडत बसायच्या आणि हा खिडकीत. "अभिराम, आज पेपरात काय आलंय रे?" इथून सुरू व्हायचं ते शरयू शाळेतून परत येईपर्यंत चालायचं. शरयू शहरातल्याच हजीरा भागातल्या शाळेत गणित शिकवायची. शांताताई समोर आहेत म्हणून ती निर्धास्त घराबाहेर पडू शकायची.

त्या वर्षी मे महिना फार वाईट गेला. पुढच्या खोलीच्या दारातला कूलर दिवसभर चालायचा, पण वर गच्ची तापलेली. कूलरची हवासुद्धा गरमच लागायची. एका दुपारी अभिरामनं पाण्याची समजून तेलाची बाटली तोंडाला लावली. शरयूनं ती हातातून काढून घेतली, त्याचं तोंड पुसलं.

"एसी घेऊ या," ती म्हणाली.

"राहू दे ना ताई. मान्सून येईलच."

"तोपर्यंत तुला काही झालं म्हणजे?"

घरमालक विश्वासराव खालच्या मजल्यावर राहायचे. माणूस वाईट नव्हता. "एसी लावा, मना नाही," ते म्हणाले. "पण स्प्लिट नको. भिंत जुनी आहे, भोक पाडलं की पोपडे पडतील. आणि बाहेरची पेटी टांगणार कुठे? तारा पण जुन्याच आहेत. मोठा लोड आला तर सगळ्या घराची बिजली जाईल."

म्हणजे खिडकीचाच एसी, आणि तोही लहान. शरयूनं खिडकी आतून-बाहेरून मोजली, खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि लष्कर भागातल्या बाजारात दुकानांचे उंबरे झिजवायला लागली. सगळीकडे भिंतीवर स्प्लिटच टांगलेले. खिडकीचा विचारला की दुकानातली पोरं कोपऱ्याकडे बोट दाखवायची.

शेवटी महाराज बाडा चौकाजवळच्या एका दुकानाचे मालक दिग्विजयसिंह यांनी तिला नीट बसवून घेतलं. "दीदी, ऊपर छत है तो एक टन लीजिए," ते म्हणाले. "पौन टन में ठंडक आएगी, मगर धीरे-धीरे."

"एक टनाचा आमच्या खिडकीत मावत नाही, भैया. आणि घरमालक मोठ्या लोडला नाही म्हणतात."

मग त्यांनी पाऊण टनाचा दाखवला. पाच तारे, बिजली कमी खाणारा, बांधा आटोपशीर. व्होल्टेज पडलं तरी दम धरतो, म्हणाले. शरयूनं तो चालवून पाहिला, कान लावून आवाज ऐकला. मागे पाणी गळायला उतार किती ठेवायचा, जाळी कशी धुवायची, सगळं विचारलं. दोन दिवस विचार करून तोच घेतला. निवड चुकली असं पुढेही कुणी म्हणू शकलं नाही.

एसी बसला. लोखंडी गज कापले, चौकट ठोकली, उरलेल्या फटी प्लाय आणि थर्माकोलनं बुजवल्या. खोली हळूहळू गार झाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अभिराम म्हणाला, "ताई, तुझ्या साडीवर बारीक फुलं आहेत." शरयू स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली.

पण खिडकी आता उरली नव्हती. खोलीत दिवसासुद्धा ट्यूबलाइट लागायची. बाहेर एसीचा गरम झोत थेट शांताताईंच्या गॅलरीत जायचा. त्यांची तुळस करपली. त्यांनी कुंडी आत नेली आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. शरयू त्यांच्याकडे माफी मागायला गेली, तर म्हणाल्या, "अगं, पोराला बरं वाटतंय ना, मग झालं." पण जिने चढून अभिरामकडे येणं त्यांना जमत नव्हतं, आणि अभिरामला उतरणं.

"करमतं ना रे?" शरयू विचारायची.

"थंड आहे," तो म्हणायचा.

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. पाऊस नव्हता, ऊन मेसारखंच. शरयू सकाळी एसी लावून, पाण्याची बाटली उशाशी ठेवून गेली. ती वर्गात असताना नया बाजारातला ट्रान्सफॉर्मर जळाला. एसी बंद पडला. इन्व्हर्टरवर पंखा चालला, मग बॅटरीही संपली. बुजवलेल्या खोलीतून हवा जायला वाटच नव्हती. अभिरामनं तिला फोन लावायचा प्रयत्न केला, पण तोवर आकडे दिसेनासे झाले होते. त्यानं शांताताईंना हाका मारल्या. पूर्वी त्याचं कुजबुजणंही पलीकडे ऐकू जायचं. आता मध्ये मशीन, थर्माकोल आणि त्यांचं बंद दार.

शरयू आली तेव्हा तो दारापाशी पालथा पडला होता. काठी पलंगाखाली गेलेली. तिनं आणि विश्वासरावांनी त्याला उचलून खाली नेलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, ऑटोनं दवाखान्यात पोचवलं.

उष्म्यानं गेलेली नजर दर वेळी परत यायची. या वेळी आली नाही. पायही आले नाहीत. महिन्याभरानं डॉक्टर म्हणाले, "हा आजाराचाच झटका आहे. बिजली गेली नसती तरी आला असता बहुतेक."

"बहुतेक?" शरयूनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नक्की कुणीच सांगू शकत नाही."

त्या शब्दाला धरून ती रात्रंदिवस हिशेब मांडत राहिली. गणिताची बाई ती. एक टनाचा घेतला असता तर? पण तोही बंदच पडला असता. विश्वासरावांशी भांडून स्प्लिट लावला असता तर खिडकी राहिली असती, शांताताईंनी हाक ऐकली असती. आणि मग? डॉक्टरांचं 'बहुतेक' तिथेही होतंच. उत्तर कुठूनही निघत नव्हतं.

दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा तिनं मिस्त्री बोलावून एसी काढवला. इतक्या महिन्यांनी खोलीत ऊन आलं. समोर शांताताईंनी दार उघडलं, गॅलरीत येऊन त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अभिराम, कसा आहेस रे बाळा?"

तो आवाजाच्या दिशेला वळला नाही.

"अभी, शांताताई विचारतायत," शरयू म्हणाली.

"झोपलाय म्हणून सांग." मग, खालच्या आवाजात: "खिडकी लाव ताई. नुसते आवाज येतात."

तिनं शांताताईंकडे पाहून हात जोडले आणि खिडकी लावली. त्याला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली. तिची रजा संपली होती, शाळेची वेळ होत आली होती. खिडकी लावून घेतल्यावर शांताताईंना आता कोणत्या तोंडानं लक्ष ठेवायला सांगायचं, हे न कळून ती पर्स हातात घेऊन बराच वेळ दारात उभी राहिली. मग तिनं शाळेत फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं.